भट्टीचं लुगडं

एका टेकडीच्या पायथ्याशी चुना भाजणाऱ्यांची एक वस्ती होती, आणि त्या वस्तीत हौसाबाई नावाची एक म्हातारी राहत होती. अंगानं वाळलेली, पण आवाज असा, की ती ओट्यावरून बोलली तर भट्टीवरची माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. घरात विधवा सून अंजिरा आणि लग्नाला आलेली नात सुंद्रा. शेजारी धाकटे दीर नाना, एका डोळ्यानं अधू. हौसाबाईला मिरवायला दोनच गोष्टी होत्या. एक, फळीवर चिंचेनं घासून मांडलेली पितळेची भांडी. दुसरी, घराची पांढरीशुभ्र भिंत.

चुन्याचं काम म्हणजे अंगाची आग. ताजा चुना कापड खातो आणि कातडंही खातो. म्हणून त्या वस्तीत प्रत्येक घराबाहेरच्या खुंटीवर एक जुनं, भोकं पडलेलं लुगडं टांगलेलं असे. त्याला म्हणत भट्टीचं लुगडं. भट्टी काढायच्या, म्हणजे भाजलेला चुना भट्टीतून उपसायच्या दिवशी तेवढं ते नेसायचं. काम झालं की ओढ्यावर जायचं, आधी अंगाला तेल चोळायचं, मग अंघोळ करायची, आणि धुतलेलं लुगडं नेसूनच घरात पाऊल टाकायचं. भट्टीचं लुगडं उंबऱ्याच्या आत येत नसे. कुणी आणलंच तर सासू त्या सुनेला आठवडाभर ऐकवी.

दुसरा दिवस उजळ दिवस. त्या दिवशी नव्या भट्टीचा पहिला चुना वस्तीतल्या भिंतींना लागे, विकायचा तो त्यानंतर. गिऱ्हाईक येई, भिंतींकडे बघे आणि काही न विचारता गाडी भरायला लावी. चुना कसा आहे हे भिंतच सांगत असे.

एकदा भट्टी काढायच्या दिवशीच शहरातून एक फोटोवाला आला. नाव श्रीरंग. गळ्यात कॅमेरा, पाठीला पिशवी, चेहऱ्यावर जगाची सगळी काळजी. मुलगा वाईट नव्हता. गावोगाव फिरून गरिबांचे फोटो काढायचे आणि वर्तमानपत्रात द्यायचे, म्हणजे सुखी माणसांना लाज वाटेल, असं त्याला मनापासून वाटे. समोर हौसाबाई उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ, अंगावर भोकांचं लुगडं.

"मावशी, तुमचा एक फोटो काढू?"

"काढ की. पण आज नको, बाबा. उद्या ये. उद्या आमचा उजळ दिवस आहे. उद्या आम्ही माणसात असू."

"उद्या नको. आजच छान दिसताय."

अंगावरच्या भोकांना छान म्हणणारा माणूस हौसाबाईनं जन्मात पहिल्यांदाच पाहिला. पण लांबून आलेला पाहुणा. तिनं त्याला ओट्यावर बसवून पितळेच्या ताटात भाकरी आणि कालवण वाढायला लावलं. त्यानं पोटभर खाल्लं, ताटात हात धुतला आणि म्हणाला, "आता घरात चुलीपाशी बसा. याच लुगड्यात."

"हे लुगडं घरात येत नाही."

"एवढा एकच फोटो, मावशी. आणि फळीवरची ती भांडी जरा आत ठेवता का? फार डोळ्यात भरतात."

"डोळ्यात भरावीत म्हणूनच घासलीत रे ती!"

"तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

इथं म्हातारीनं चूक केली. जिच्या धाकानं वस्तीतले बापये विडी लपवत, ती बाई पाहुण्याच्या भिडेला बळी पडली. अंजिरानं भांडी माळ्यावर टाकली. हौसाबाई भट्टीचं लुगडं नेसून उंबरा ओलांडून आत आली आणि रिकाम्या फळीखाली बसली. नियम मोडला तो कुणी सुनेनं नव्हे, तिनंच. श्रीरंग म्हणाला, खाली बघा. तिनं बघितलं. मनातून ती पार वैतागली होती. फोटोत तो वैताग दुःख म्हणून उठून दिसला.

नाना मघापासून दाराशी उभे होते. फोटोवाला आला म्हणून ओढ्यावर जाऊन अंग धुऊन, फेटा बांधून आले होते. "माझा काढता?" त्यांनी विचारलं.

श्रीरंगनं त्यांच्या गेलेल्या डोळ्याकडे बघितलं, मग फेट्याकडे बघितलं. "फेटा काढा, मग काढतो."

नानांनी फेटा काढला नाही. फोटो निघाला नाही. डोळा कशानं गेला, हे काही त्यानं विचारलं नाही.

महिन्याभरात तो फोटो वर्तमानपत्रात छापून आला. खाली लिहिलं होतं, 'जिच्या घरात काहीच नाही'. ते वाचून शहरातल्या माणसांना रडू आलं आणि त्यांनी ब्लँकेटं पाठवली. भट्टीच्या धगीत राहणाऱ्यांना ब्लँकेटं! मग जुन्या साड्या आल्या, एका पायाचे बूट आले, बिस्किटं आली. गाडी थांबायची, माणसं उतरायची, हळहळायची, सोबत आणलेलं वाटायची, फोटो काढायची आणि जायची. आणि तुम्हाला काय हवंय, असं कुणी एका शब्दानं विचारायचं नाही.

आता नुसता पाहुण्यांनाच दोष देऊन कसं चालेल? वस्तीही काही कमी नव्हती. ज्या घरापुढे फाटकं दिसतं तिथं ब्लँकेट पडतं, हे दोन गाड्यांतच सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग रस्त्यावर हॉर्न वाजला की भट्टी पेटलेली असो नसो, बाया धावत जाऊन खुंटीवरचं लुगडं गुंडाळायच्या. धडधाकट गडी ओट्यावर बसून खोकायचे. कुणी घड्याळ लपवी, कुणी शेळी मागच्या दारी नेऊन बांधी. आणि पुढची भट्टी निघाली तेव्हा वस्तीचा कारभारी रावजी म्हणाला, "भिंतींना चुना देऊ नका. पांढरी भिंत बघून कोण काय देणार?"

चुना भाजणाऱ्यांची वस्ती, आणि भिंती काजळीनं काळ्या!

"लाज वाटत नाही का रे?" हौसाबाई ओट्यावरून ओरडायची. "हातपाय धड असून खोकता?"

"वहिनी, पहिलं ब्लँकेट कुणाच्या घरात आलं?" रावजी तिकडून म्हणायचा.

म्हातारी पदर झटकून आत जायची. तिच्या घरातही ब्लँकेटांची चळत होती. पितळेची भांडी माळ्यावर गेली होती ती अजून खाली उतरली नव्हती. "राहू देत, आत्याबाई," अंजिरा म्हणायची, "रोज कुठं चढउतार करायची?" आणि हौसाबाई चरफडत "राहू दे" म्हणायची. शिव्या सगळ्या वस्तीला, पण स्वतःची फळी रिकामीच.

अशातच सुंद्राला एक स्थळ सांगून आलं. आबाजी गवंडी नावाचा दोन तालुक्यांत मान असलेला माणूस, त्याचा मुलगा. निर्व्यसनी, हातात बापाचीच कला. बाप नसलेल्या पोरीला असं घर मिळायचं म्हणजे हौसाबाईला आभाळ ठेंगणं झालं. पाहुणे रविवारी यायचे होते. पण आबाजींना शेजारच्या गावी काम निघालं आणि ते शुक्रवारीच जीप घेऊन निघाले.

रस्त्यावर हॉर्न वाजला.

झालं! बाया खुंटीकडे धावल्या. गडी खोकू लागले. अंजिरानंही सवयीनं सुंद्राच्या अंगावर भट्टीचं लुगडं टाकलं आणि तिला पुढे ढकललं. जीपमधून आबाजी उतरले, त्यांची बायको पारूबाई उतरली, मुलगा उतरला. त्यांच्याभोवती गराडा पडला. "ताई, एक ब्लँकेट द्या." "दादा, फोटो काढा ना."

पारूबाई जिवाची मऊ. सीटवर अंथरलेलं जुनं लुगडं तिनं ओढून काढलं आणि समोरच्या पोरीच्या हातात दिलं. "घे गं बाळा. एकाच ठिकाणी उसवलंय, टाका घाल." मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "इथं हौसाबाईंचं घर कोणतं? त्यांच्या सुंद्राला बघायला आलोय आम्ही."

सुंद्रा ते लुगडं हातात धरून तशीच उभी राहिली. शेवटी रावजीच म्हणाला, "हीच की सुंद्रा."

हौसाबाई दारात आली तेव्हा आबाजी भिंतीवरून बोट फिरवत होते. बोट काळं झालं. आत डोकावले तर फळी रिकामी आणि कोपऱ्यात ब्लँकेटांची चळत.

"बाई," आबाजी शांतपणे म्हणाले, "गरिबीचं मला काही नाही. मी स्वतः दुसऱ्याच्या भिंतीला टेकून वाढलो. पण चुना भाजणाऱ्यांच्या घरालाच चुना नाही, हे मी आजवर पाहिलं नव्हतं. मागून खायची सवय लागलेल्या घरातली मुलगी मी कशी करू?"

दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. हौसाबाईनं पदर खोचला.

"जे बघितलंत ते सगळं सोंग आहे," ती म्हणाली. "सोंग आणणारी मीच पहिली, म्हणून बोलायला तोंड नाही. पण तीन दिवसांनी भट्टी काढतोय. त्याच्या दुसऱ्या दिवशी या. तेव्हा भिंत काळी दिसली तर मुलगी करू नका म्हणून मीच सांगेन."

आबाजींनी बायकोकडे बघितलं. पारूबाई म्हणाली, "येऊ." मग सुंद्राच्या हातातलं लुगडं तिनं हळूच परत घेतलं.

हौसाबाईनं त्याच दुपारी स्वतः माळ्यावर चढून भांडी खाली काढली. पार काळी पडली होती. ती आणि सुंद्रा मुकाट्यानं चिंच घेऊन घासायला बसल्या. अंजिरा डोळे पुसत राख आणून देत होती.

भट्टी काढायचा दिवस उजाडला, आणि बघा दैव कसं, तो श्रीरंगही नेमका त्याच दिवशी परत आला. आनंदानं फुलला होता. "उद्या मोठे साहेब येतायत," त्यानं वस्तीला सांगितलं. "तुमचा फोटो बघून येतायत. सगळ्या वस्तीला छपराचे नवे पत्रे देणार आहेत. फक्त एक करा. फोटोत होतं तसंच सगळं दिसू द्या. रंगरंगोटी करू नका."

रावजीनं लगेच माणसं गोळा केली. उजळ दिवस दोन दिवस पुढे ढकलायचा ठरला.

"उद्या सुंद्राची माणसं यायचीत," हौसाबाई म्हणाली.

"वहिनी, सगळ्या वस्तीचे पत्रे मोठे का एकटी सुंद्रा मोठी? तिला दुसरं स्थळ बघू."

"आणि त्या स्थळाला काय दाखवशील? खोकणारे गडी?"

कुणी हसलं नाही. कुणी तिच्या बाजूनंही उभं राहिलं नाही. हौसाबाईनं ओढ्यावर जाऊन तेल चोळलं, अंघोळ केली, स्वच्छ लुगडं नेसलं. मग भट्टीचं लुगडं काठीच्या टोकावर अडकवून ती परत वर आली आणि भट्टीच्या उरल्यासुरल्या निखाऱ्यात तिनं ते टाकलं. सगळ्यांच्या देखत. मग नव्या चुन्याची पाटी उचलून घरी नेली आणि पिंपात पाणी ओतून चुना विझत घातला. श्रीरंग रात्री तिच्याच ओट्यावर झोपला, कारण दुसरं कुणाचं घर त्याला ठाऊकच नव्हतं. तिनं शिव्या देत देत त्याला जेवू घातलं.

सकाळी अंजिरा दारात येऊन बघते तर काय, म्हातारी आपलं जरीकाठी जांभळं लुगडं नेसून, हातात कुंचा घेऊन पाटावर चढलेली.

"आत्याबाई, चुना उडेल! लग्नातलं लुगडं ते!"

"उडू दे. फाटकं होतं ते जळालं. आता उजळ दिवसाला हेच."

नाना फेटा बांधून बादली धरून उभे होते. सुंद्रा भिंतीच्या खालच्या बाजूला चुना लावत होती. बाकी वस्ती दूर, रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला फाटकी गुंडाळून ओळीनं उभी. श्रीरंग हे घर आणि ती ओळ यांच्या मध्ये येरझाऱ्या घालत होता. "मावशी, दुपारी द्या ना चुना! तुमचंच घर रस्त्यावर पहिलं लागतं. एक तासानं काय बिघडतंय?"

"तूच एक तास डोळे मीट. तुझं काय बिघडतंय?"

मोठी गाडी आली. हौसाबाईच्या घरापाशी वेग कमी झाला. काच खाली झाली. साहेबांनी बघितलं, अर्धी भिंत पांढरीफेक, दारातून चमकणारी पितळेची घागर, पाटावर जरीकाठातली म्हातारी, बाजूला फेटेवाला.

"श्रीरंग, ही ती वस्ती?"

"हीच, साहेब. म्हणजे पुढे जरा..."

"छे! इथं तर लग्नघर दिसतंय." काच वर गेली. गाडी वळली आणि धूळ उडवत आली तशी परत गेली. ओळीत उभी असलेली फाटकी माणसं साहेबांना दिसलीसुद्धा नाहीत.

श्रीरंग गाडीमागे थोडा धावला. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपली पिशवी ओट्यावरच आहे आणि सकाळपासून पोटात काही नाही. तो चिडून परत आला. "मावशी, सगळ्यांचं नुकसान केलंत! पत्रे गेले!"

"पत्रे आम्ही मागितले होते?"

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

हौसाबाईचा हात थांबला. कुंच्यातून चुना टपटप लुगड्यावर पडू लागला.

"विचारलंस!" ती म्हणाली. "अरे, इतक्या गाड्या आल्या, इतके कॅमेरे आले, कुणी एवढं विचारलं नाही. पाणी हवंय, बाबा. भट्टीपाशी. या नानाचा डोळा तुझ्या फोटोत मावला नाही ना? तो गेला चुना उडून. तेवढ्यानंही गेला नसता. लगेच धुतला असता तर राहिला असता. पण ओढा खाली. उतरेपर्यंत डोळा संपला. ब्लँकेटानं डोळा धुवायचा का आम्ही?"

श्रीरंगनं नानांकडे बघितलं. नाना फेटा सारखा करत उगीच बादलीत बघत राहिले.

जीप कधी येऊन थांबली ते कुणाला कळलंच नाही. आबाजी गवंडी मागे उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी भिंतीला हात लावून बघितला, पाटावरच्या म्हातारीकडे बघितलं, तिच्या लुगड्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघितलं. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि तिच्या हातातून कुंचा काढून घेतला.

"पहिला हात आडवा द्यायचा असतो, विहीणबाई," ते म्हणाले. "उभा मागून."

विहीणबाई! पारूबाईनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं. सुंद्रा हात माखलेले घेऊनच आत पळाली.

"माझी भिंत आहे, मी हवी तशी रंगवीन," हौसाबाई म्हणाली, पण पाटावरून खाली उतरली.

रस्त्याच्या टोकाला थोडा वेळ कुजबुज झाली. मग रावजीची बायको पहिली निघाली. तिनं अंगावरचं फाटकं खुंटीला अडकवलं आणि आपला कुंचा शोधायला लागली. एकेक करत सगळे लागले. रावजी सगळ्यांत शेवटी आला, आणि एकदाही खोकला नाही.

श्रीरंग ओट्यावर बसून होता. उन्हं भिंतीवर आली. त्यानं कॅमेरा उचलला, आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, खाली ठेवून विचारलं, "मावशी, कसा काढू?"

"थांब," हौसाबाई म्हणाली. तिनं नानांना बाजूला उभं केलं, सुंद्राला बाहेर बोलावलं, दार पूर्ण उघडलं, फळी दिसतेय ना बघितलं. "हं. काढ आता."

तो फोटो कुठं छापून आला नाही. वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं म्हणे, यात गरिबी कुठं आहे? वस्तीत ब्लँकेटं यायचीही बंद झाली. पण लग्नात आबाजींनी आहेर म्हणून स्वतःच्या हातानं भट्टीपाशी पाण्याचा हौद बांधून दिला. दगड त्यांचा, चुना वस्तीचा. ओढ्याचं पाणी कावडीनं आणून तो भरून ठेवायची पाळी घरोघर लागली. पुढच्या भट्टीत रावजीच्याच डोळ्यात चुना उडाला. त्यानं हौदात तोंड घातलं आणि घटकाभरानं दोन्ही डोळ्यांनी बघत बाहेर आला.

लग्नाच्या दिवशी श्रीरंग आला तो फोटो घेऊनच. आजवर शेकडो माणसांचे फोटो त्यानं काढले होते, पण ज्याचा त्याच्या हातात दिलेला हा पहिलाच. सगळी वस्ती बघायला गोळा झाली. पांढरी भिंत दिसत होती, पितळेची घागर दिसत होती, नानांचा फेटा दिसत होता, गेलेला डोळाही दिसत होता.

हौसाबाईनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

"मेल्या," ती म्हणाली, "डोळे मिटलेत की माझे!"

श्रीरंग ओशाळला. "मावशी, मी परत..."

"परत यावंच लागेल. उजळ दिवशी ये. आणि जेवायला ये, उपाशी उभा राहून काय फोटो काढतोस!"

तात्पर्य: दुसऱ्याचं दुःख जगाला दाखवायचं असेल, तर त्याच्या घरातलं भांडं हलवायच्या आधी त्याला काय हवंय ते विचारावं; आणि कुणी बघायला येतंय म्हणून आपल्या घरातलं खरं आपण माळ्यावर टाकू नये.